मुंगसाने धरलेली कोंबडी

कुत्र्याच्या किंवा मुंगसाच्या तोंडातून कोंबडी सोडवून आणली, की घरात दोनच गोष्टी होतात. कुणी जखमेत हळद भरून तिला डालग्याखाली ठेवतं, नाहीतर कुणी ‘आता काय जगत नाही’ म्हणत सुरी शोधतं. दोन्हींत घाई होते. आधी पाच मिनिटं तिला उजेडात धरून नीट पाहावं.

नुसत्या रक्ताला घाबरू नये. दीड किलोच्या कोंबडीत जेमतेम शंभर-सव्वाशे मिलिलिटर रक्त असतं, पण त्यातलं चमचाभर पिसांवर पसरलं तरी दृश्य भयंकर दिसतं. पाठीची कातडी तळहाताएवढी फाटली तरी कोंबड्या सावरतात. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम धुवावी आणि तिला अंधाऱ्या, उबदार खोक्यात वेगळं ठेवावं. रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्या टोचून टोचून जखम वाढवतात. एक पाय मोडला असेल तर कामटी बांधून तो जुळू शकतो.

आतडी बाहेर आली असतील, कवटी फुटली असेल, दोन्ही पाय लुळे पडून चिमट्यालाही आखडत नसतील, किंवा चोच उघडी ठेवून ती धापा टाकत असेल आणि मान टाकत असेल, तर मात्र ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणणं ही दया नव्हे. कोंबडी दुखणं लपवते. ती गप्प बसली म्हणजे तिला आराम पडला, असं नाही.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना जवळ आणि उघडा असेल तर तिथेच न्यावं. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकाची चौकशी करता येते. इंजेक्शनने येणारा शेवट सर्वांत शांत. पण दवाखाना दूर आणि वेळ रात्रीची, ही खेड्यातली नेहमीची अडचण. अशा वेळी ज्याचा हात बसलेला आहे, असा शेजारी किंवा चिकनवाला बोलवावा. संकोच वाटून घेऊ नये. अर्धवट हाताने केलेल्या प्रयत्नाइतका क्रूर प्रकार दुसरा नाही.

कुणीच मिळालं नाही, तर मान निखळवणं हा मार्ग उरतो. एका हातात दोन्ही पाय आणि पंखांची टोकं धरून कोंबडी मांडीशी टेकवावी, डोकं खाली. दुसऱ्या हाताची पहिली दोन बोटं कवटीच्या अगदी मागे, मानेच्या दोन्ही बाजूंनी घ्यावीत. तुरा तळहाताकडे आणि अंगठा चोचीखाली. मग एकाच ठाम झटक्यात डोकं खाली ओढत मागे वळवावं. सांधा सुटल्याचं हाताला लगेच कळतं. तिथेच थांबावं, जास्त ओढलं तर मुंडकं हातात येतं. चाचपलं की कवटी आणि मणक्यांमध्ये बोटभर पोकळी लागते. मान गरागरा फिरवणं, दाराच्या फटीत चिरडणं, पाण्यात बुडवणं किंवा पिशवीत कोंडणं हे प्रकार करूच नयेत. प्राण्याला विनाकारण क्रूरपणे मारणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. वजनदार कोंबड्यावर हा प्रयोग नवख्याने करू नये. युरोपीय संघाच्या नियमांतही नुसत्या हाताने मान निखळवण्याला ३ किलोची मर्यादा आहे.

यानंतर जे होतं त्याची आधी कल्पना हवी. पंख जोरात फडफडतात, पाय झाडले जातात आणि हे मिनिटभर किंवा त्याहूनही जास्त चालतं. मज्जारज्जूचा मेंदूशी संबंध तुटल्यामुळे स्नायू असे उडतात. तेवढ्यावरून ती जिवंत आहे असं समजू नये. लहान मुलांना मात्र तिथून दूर पाठवावं. खरी खूण डोळ्यात पाहावी. कोंबडीला पापण्यांच्या आत एक पातळ पडदा असतो आणि तो कडेने डोळ्यावर सरकतो. बुबुळाला बोटाचं टोक अलगद लावावं. पडदा हलला तर जाणीव अजून शिल्लक असू शकते. लगेच पुन्हा एकदा तसाच झटका द्यावा. पडदा स्थिर, बाहुली मोठी आणि श्वास बंद, असं दोन-तीन मिनिटं राहिलं की काम झालं.

औषध दिलेली किंवा आजारी कोंबडी खाऊ नये. कुत्री उकरणार नाहीत इतक्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी. जखम नसताना एकामागून एक कोंबड्या मरू लागल्या, तर हा सगळा विचार बाजूला ठेवून, त्यांना हात न लावता दवाखान्याला कळवावं. नंदुरबारमधल्या नवापूरला २००६ साली बर्ड फ्लू आढळला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या.

बाकी राहिलं खुराडं. मुंगूस दिवसाढवळ्या येतं, रानमांजर रात्री. दोघांनाही सापडलेली वाट लक्षात राहते. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावावी आणि ती खाली वीतभर जमिनीत पुरावी.