रॅम घेताय? आधी खाच बघा!

लग्नाच्या जुन्या कॅसेटी, नातवाचं बारसं, मुलीचं अरंगेत्रम... सगळं नीट कापून-जोडून एक छानशी फिल्म करावी, असं अनेकांच्या मनात असतं. त्यासाठी घरीच कॉम्प्युटर जुळवायचा, तर मेमरी कुठली घ्यायची आणि पुढे ती वाढवता येईल ना, हे आधीच बघायला हवं.

लखनौहून कानपूरकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात मानक नगर हे छोटं स्थानक ओलांडते. प्रवाशांचं तिकडे फारसं लक्षही जात नाही. पण आपली गाडी रुळांवरून बिनघोर धावते, त्यात या वसाहतीचा मोठा वाटा आहे. 'मानक' म्हणजे प्रमाण. रेल्वेची प्रमाणं ठरवणारी 'आरडीएसओ' ही संस्था इथेच आहे. १९३० सालचं सेंट्रल स्टँडर्ड्स ऑफिस आणि १९५२ सालचं रेल्वे टेस्टिंग अँड रिसर्च सेंटर एकत्र करून १९५७मध्ये ती उभी राहिली. डबा चेन्नईत बनो की कपूरथळ्यात, एकाच नमुन्याचे दोन डबे एकमेकांना बिनबोभाट जोडले जातात, ते अशा ठरवून दिलेल्या प्रमाणांमुळेच.

प्रमाण जुळलं नाही की काय होतं, ते सोलापूर जिल्ह्यातल्या जुन्या मंडळींना विचारा. १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचे रूळ ७६२ मिलिमीटर रुंदीचे आणि मुख्य मार्गाचे १६७६ मिलिमीटरचे! त्यामुळे कुर्डुवाडीला उतरा, बोचकी उचला, दुसऱ्या गाडीत बसा. पुढे तो मार्ग रुंद झाला, तेव्हा कुठे ही यातायात संपली.

कॉम्प्युटरच्या मेमरीचं, म्हणजे रॅमचंही अगदी असंच आहे. तिची प्रमाणं 'जेडेक' ही संस्था ठरवते. तिची स्थापना १९५८ची. तिने डीडीआर-४ हे प्रमाण २०१२ साली आणि डीडीआर-५ हे २०२० साली जाहीर केलं. दोन्हींच्या स्टिकना २८८ पिना, लांबीही तीच. पण खालच्या कडेची खाच वेगळ्या जागी! त्यामुळे एकीची स्टिक दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. जोर लावून बसवायला गेलात, तर स्टिक आणि मदरबोर्ड दोन्हींचा घात.

किती मेमरी पुरे?

आधी एक गोंधळ दूर करू. रॅम म्हणजे साठवणीची कोठी नव्हे, ती आहे ओटा! काम चालू असताना सामान ओट्यावर मांडायचं. वीज गेली की ओटा रिकामा. फिल्म कायमची राहते ती हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर.

व्हिडिओला हा ओटा मोठा का लागतो? फोर-के चित्राच्या एका फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख ठिपके असतात. प्रत्येकाला तीन बाइट धरले, तरी एक फ्रेम साधारण २५ एमबीची. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे ६२० एमबीच्या वर! पूर्ण उलगडलेली चित्रं नुसती मांडून ठेवायची म्हटली, तर १६ जीबीचा ओटा २५ सेकंदांत भरेल. म्हणून सॉफ्टवेअर एका वेळी थोड्याच फ्रेम समोर ठेवतं आणि ओटा लहान असेल, तर अडखळतं.

जुन्या व्हीएचएस कॅसेटींसाठी किंवा साध्या एचडी कामाला १६ जीबी पुरते. मोबाइलवर फोर-के चित्रण करत असाल, तर ३२ जीबी धरा. फुकट मिळणाऱ्या 'डाविंची रिझॉल्व्ह'लाही किमान १६ जीबी लागते आणि त्यातला 'फ्यूजन' हा स्पेशल इफेक्टचा भाग वापरायचा तर ३२.

पुढची सोय आजच

'आज थोडी घेऊ, उद्या वाढवू,' हा मराठी मध्यमवर्गाचा आवडता हिशेब. इथे तो चालतो, पण मदरबोर्डने साथ दिली तरच. म्हणून रॅमच्या आधी मदरबोर्ड निवडा. त्यावर स्लॉट किती, जास्तीत जास्त किती जीबी चालते, हे कंपनीच्या माहितीपत्रकात बघा. तयार यंत्र घेणाऱ्यांनी तर हे विचारायलाच हवं. अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये मेमरी बोर्डावरच डाखलेली असते. अॅपलच्या एम मालिकेतल्या यंत्रांतही ती नंतर वाढवता येत नाही.

रॅम जोडीने काम करते, तेव्हा वेग जास्त मिळतो. त्यामुळे ३२ जीबीची एक स्टिक घेण्यापेक्षा १६च्या दोन बऱ्या. चार स्लॉट असतील, तर बहुतेक बोर्डांवर ही जोडी प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसते. पण डीडीआर-५मध्ये एक मेख आहे. चारही स्लॉट भरले, तर वेग उतरू शकतो. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत दोन स्टिकना ५२००चा वेग अधिकृतपणे मिळतो, तर चार स्टिकना ३६००चाच. तेव्हा झेपेल तेवढी मोठी जोडी एकदाच घ्यावी, हे उत्तम.

पण खिशाचं काय? २०२५च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरची मागणी वाढली आणि घरगुती रॅमच्या किमती भराभर चढल्या. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५मध्ये 'क्रुशल' हा आपला घरगुती ग्राहकांचा व्यवसायच बंद करण्याचं जाहीर केलं. अशा वेळी १६ जीबीची एकच स्टिक घेऊन काम सुरू करायलाही हरकत नाही. जोडीचा वेग मिळणार नाही, एवढंच. पुढे त्याच मॉडेल नंबरची दुसरी स्टिक घ्या. त्यासाठी पहिलीचं बिल आणि डबा जपून ठेवा.

दुकानात जाताना

लखनौचं नाझा मार्केट असो, दिल्लीचं नेहरू प्लेस असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, एवढं जरूर करा :

• मदरबोर्डचा नेमका मॉडेल नंबर लिहून न्या. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरला काही बोर्डांवर डीडीआर-४ लागते, तर काहींवर डीडीआर-५.

• जुन्या यंत्रात भर घालायची असेल, तर विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये 'मेमरी' उघडा. किती स्लॉट भरलेत, ते तिथेच कळतं.

• डेस्कटॉपची स्टिक लांब, लॅपटॉपची आखूड. मागताना तसं स्पष्ट सांगा.

• पक्कं बिल घ्या आणि वॉरंटी कोण देणार, कंपनी की दुकानदार, ते विचारा.

• बसवण्याआधी वायर काढा, कॅबिनेटच्या धातूला हात लावा, खाच जुळवा आणि कट्कन आवाज येईपर्यंत दाबा. मग 'मेमटेस्ट८६'ने रात्रभर तपासणी करा. दोष असेल, तर बदलून घेता येईल तेव्हाच कळलेला बरा.

एवढं करूनही चार पैसे उरले, तर आणखी रॅम घेऊ नका, दुसरी हार्ड डिस्क घ्या. तिच्यावर सगळ्या कॅसेटींची मूळ प्रत उतरवून कपाटात ठेवा. फिल्म बिघडली, तर पुन्हा एडिट करता येईल. कॅसेटमधला आजीचा आवाज मात्र एकदा पुसला की पुन्हा भरता येणार नाही!