पुलगावातून प्लॅस्टिक संशोधनाकडे

प्लॅस्टिक वितळवून पुन्हा साच्यात ओतायचं, एवढंच पुनर्वापराचं काम असतं तर संशोधक लागलेच नसते. अडचण कुठे आहे, ते आपण घरीच पाहावं. पाण्याच्या बाटलीचा आणि तिच्या झाकणाचा एकेक तुकडा बादलीत टाकावा. झाकण तरंगतं, बाटली बुडते. बाटली पीईटी या जड प्लॅस्टिकची असते, झाकण पाण्याहून हलक्या प्लॅस्टिकचं. कारखान्यातही धुतलेला चुरा असाच वेगळा करतात.

पण पीव्हीसी हे दुसरं प्लॅस्टिकही बुडतं आणि पीईटीतच मिसळून राहतं. पीईटी वितळायला सुमारे २५० अंश सेल्सिअस लागतात. त्या उष्णतेत पीव्हीसीतून आम्लाची वाफ सुटते आणि सगळा माल पिवळा पडतो. दुसरा घात ओलाव्याचा. पीईटी हे बहुवारिक, म्हणजे लहान रेणू जोडून झालेली लांब साखळी. चुरा न वाळवता वितळवला, तर पाणी ती साखळी तोडतं. मग त्याचा धागा ओढला की तुटतो. ही साखळी पुन्हा लांब कशी करायची, वेफर्सच्या पाकिटाचे चिकटलेले थर कसे सोडवायचे, हे संशोधकाचे प्रश्न.

या संशोधनापर्यंत पोचायची पहिली पायरी अकरावी. इथे बरेच जण गणित सोडतात आणि अभियांत्रिकीची वाट बंद होते. तसं झालं असेल तर घाबरू नये. बी.एस्सी., मग रसायनशास्त्रात एम.एस्सी., ही वाटही पीएच.डी.पर्यंत जाते.

गणित असेल तर पुलगावकरांसाठी नागपूर सोयीचं, रेल्वे थेट आहे. १९४२ साली सुरू झालेल्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे एलआयटीत, रासायनिक तंत्रज्ञान शिकता येतं. व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत धातू व पदार्थ अभियांत्रिकी आहे. मात्र शाखेच्या नावावर जाऊ नये, अभ्यासक्रमात बहुवारिकं किती आहेत ते आधी वाचावं. प्लॅस्टिकच्या पदविकेसाठी चंद्रपूरला सिपेट ही संस्था आहे. यंत्रावरचा हात तिथे उत्तम बसतो, पण संशोधनासाठी पुढे पदवी करावीच लागते.

पदवीनंतर अभियंत्यांनी गेट ही परीक्षा द्यावी, एम.एस्सी.वाल्यांनी सीएसआयआर-नेट. नेटमधून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे जेआरएफ, मिळाली तर २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं. दोन वर्षांनी छात्रवृत्ती ४२,००० होते. पीएच.डी. म्हणजे घरचा खर्च, ही समजूत घरच्यांना हे आकडे दाखवून दूर करावी.

मग प्रयोगशाळा. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा बहुवारिकांच्या कामासाठी नावाजलेली, मुंबईत माटुंग्याची आयसीटी ही रसायन तंत्रज्ञान संस्था आणि पवईची आयआयटी. नागपुरातच नीरी ही संशोधन संस्था आहे, तिचा भर पर्यावरणावर.

सर्वांत मोठी चूक शेवटी होते: संस्थेचं नाव पाहून मार्गदर्शक निवडला जातो. आपण त्यांचे अलीकडचे दोन-तीन शोधनिबंध वाचावेत. त्यांच्या विद्यार्थ्यांना भेटून पीएच.डी.ला किती वर्षं लागली आणि उपकरणावर वेळ मिळतो का, हे विचारावं. छात्रवृत्ती साधारण पाच वर्षांचीच असते, म्हणून हे प्रश्न प्रवेश घेण्याआधीच विचारायचे.