दप्तर आणि कारकून यांचे अद्वैत

जुन्या कचेरीत कारकून एका दालनात बसे आणि दप्तरखाना दुसऱ्या दालनात असे. प्रत्येक प्रकरणासाठी शिपायाने कागदपत्रांचा रुमाल काढून आणावा, कारकुनाने त्यावर शेरा मारावा आणि तो रुमाल पुन्हा बांधून फडताळात जावा, असा शिरस्ता होता. १९४५ साली जॉन फॉन नॉयमान यांनी संगणकाची जी रचना लेखनिविष्ट केली व जी आजही बहुतेक संगणकांत प्रचलित आहे, तिचाही कारभार असाच चालतो: गणना एकीकडे, स्मृती दुसरीकडे, आणि ऊर्जेचा मोठा भाग खर्ची पडतो तो या दोहोंमधल्या हेलपाट्यांत.

मेंदूत निराळा दप्तरखाना नाही. काळोख्या जिन्यातली पावले ऐकून कोण आले हे आई दार उघडण्यापूर्वीच ओळखते, तेव्हा सुमारे ८६ अब्ज चेतापेशींचा तिचा मेंदू केवळ वीसेक वॅट शक्तीवर चाललेला असतो. कारण ज्या सांध्यांतून संदेश जातो, तेच सांधे त्या जाण्याने बळकट वा क्षीण होत असतात. वाट चालण्यानेच मळते, आणि मळलेली वाट हीच चालल्याची नोंद असते.

असा गुण जड पदार्थात आणता येईल काय? १९७१ साली बर्कली येथील लिऑन चुआ यांनी गणितातील समतोलावरून असा सिद्धान्त मांडला की, रोधक, धारित्र आणि प्रेरक यांच्या पंक्तीला बसणारा चौथा विद्युत्-घटक असलाच पाहिजे, आणि त्यातून गेलेल्या विद्युत्‌भाराचे स्मरण त्याच्या रोधात राहिले पाहिजे. त्याला त्यांनी ‘मेमरिस्टर’ हे नाव दिले. २००८ साली स्टॅन्ली विल्यम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत तो आढळल्याचे जाहीर केले: प्लॅटिनमच्या दोन अग्रांमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचा, मीटरच्या काही अब्जांश जाडीचा पापुद्रा! त्यात प्राणवायूच्या अणूंच्या काही जागा रिक्त असतात. विद्युत्‌दाबाने या रिक्त जागा सरकल्या की रोध उतरतो, दाब उलटा केला की तो चढतो, आणि दाब काढून घेतला तरी त्या जेथल्या तेथे राहतात.

अशा घटकांची आडव्या-उभ्या तारांच्या प्रत्येक छेदावर योजना केली, म्हणजे दाब आणि वाहकता यांचा गुणाकार ओहमच्या नियमाने छेदावरच होतो, प्रवाहांची बेरीज तार स्वतःच करते, आणि रुमाल हलवावाच लागत नाही. एक घटक दुसऱ्यासारखा तंतोतंत वागत नाही, ही यातली मोठी अडचण. तरीही २०२४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी एका रेणवीय पापुद्र्यात वाहकतेच्या १६,५०० भिन्न अवस्था दाखवून दिल्या, ही आपल्याला अभिमानास्पद गोष्ट आहे.

मेंदूचे गूढ याने उकलले असे मानणे उतावीळपणाचे होईल. परंतु स्मरण म्हणजे अनुभवाने आधाराच्या घडणीतच झालेला पालट, ही गोष्ट पापुद्र्यातली एक सरकलेली रिक्त जागा आपल्याला डोळ्यांसमोर धरून दाखविते. आणि मळलेल्या वाटेचे मर्म जड पदार्थाला उमगावे, याहून मोठे नवल ते कोणते?