‘सामान्य पाऊस’ : हवामानाची विदा कशी वाचावी?

शास्त्राच्या परिभाषेतील एखादा शब्द व्यवहारातील शब्दासारखाच दिसतो, तेव्हा वाचकाने अधिक सावध राहावयास हवे. ‘यंदा पाऊस सामान्य राहील’ हे विधान घ्या. बोलण्यात ‘सामान्य’ म्हणजे नेहमीसारखा. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या परिभाषेत मात्र जून ते सप्टेंबर या काळातील देशभराचा पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के असेल तरच तो सामान्य होय. १९७१ ते २०२० या वर्षांची ही सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर आहे. जिल्ह्याच्या पावसाची नोंद करताना मात्र १९ टक्के तूटदेखील सामान्यातच जमा होते. पेरणीचा निर्णय या एका शब्दावर सोपवणाऱ्या कुटुंबाला हा भेद ठाऊक असणे किती आवश्यक आहे, हे वेगळे सांगावयास नको.

सरासरी हीच मुळात फसवी असू शकते. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातील माण तालुक्यात तो जेमतेम पाचशेच्या घरात असतो. या दोहोंची सरासरी दोघांपैकी कोणालाच लागू पडत नाही. म्हणून विदा हाती आल्यावर सरासरीआधी तिचा विस्तार पाहावा.

यापुढची पायरी सहसंबंधाची. १९०४ साली भारतातील वेधशाळांचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर हे मूळचे गणिती. जगभरातील वायुदाब, तापमान व पाऊस यांच्या नोंदींचा भारतीय पावसाशी कोठे मेळ बसतो, हे त्यांनी हिशेबनिसांकरवी, यंत्रगणकाशिवाय, तपासून घेतले. प्रशांत व हिंदी महासागरांवरील वायुदाबाचा झोका, म्हणजे ‘दक्षिणी आंदोलन’, त्यातूनच हाती लागला. त्यांचा दुसरा इशारा मला तितकाच मोलाचा वाटतो : शेकडो जोड्या तपासल्या की काही जोड्या निव्वळ योगायोगानेही जुळतात, तेव्हा निवडून काढलेल्या जोडीसाठी पुराव्याची कसोटी अधिक कडक हवी.

प्रतिमानाची परीक्षा येथेच होते. प्रतिमान म्हणजे निवडक घटकांतील संबंधांची गणिती मांडणी. (व्याकरण हेही भाषेचे प्रतिमानच, आणि अपवाद त्याचीही परीक्षा पाहतात.) १९८८ पासून हवामान विभाग सोळा घटकांचे प्रतिमान वापरत होता. त्याने २००२ साठी सामान्य पाऊस वर्तवला. प्रत्यक्षात जुलै जवळजवळ निम्मा कोरडा गेला आणि हंगामाचा पाऊस ८१ टक्क्यांवर थांबला. त्यानंतर कमी घटकांची नवी प्रतिमाने स्वीकारण्यात आली. घटक वाढवत नेले की प्रतिमान भूतकाळाशी अचूक जुळते. पण त्या जुळण्यात योगायोगही मिसळलेला असतो, आणि तो पुढील वर्षी साथ देईलच असे नाही. घटकांतील संबंधही कायम टिकत नाहीत. १९९७ साली एल निनो अतितीव्र असूनही भारतात पाऊस सरासरीहून किंचित अधिकच झाला. म्हणूनच प्रतिमान बांधताना न वापरलेल्या वर्षांवर ते पडताळून पाहावे लागते.

कृती : एप्रिलमधील मोसमी पावसाच्या अंदाजाची एक बातमी मिळवा. मूळ अंदाजात ‘अधिक-उणे ५ टक्के’ अशी त्रुटीची मर्यादा दिलेली असते. ती बातमीत उतरली आहे का, ते पाहा. नसल्यास ती समाविष्ट करून बातमीचे पहिले वाक्य पुन्हा लिहा.