जुन्या मोटारीचा क्लच आणि अस्सल भागांची पारख

जुन्या मोटारी दुरुस्त करून पुन्हा मूळ रूपात उभ्या करणे हा एके काळी संस्थानिकांचा आणि धनिकांचा षौक होता. आज तो कुशल कारागिरांना चांगला रोजगार देणारा धंदा झाला आहे. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली. त्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे असतात, नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे आणि ती दहा वर्षे चालते. आपल्या अंजनवेल-गुहागर भागातील तरुण मुंबईच्या गॅरेजांत कामाला जातात, काही जण आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकतात. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून या स्मरणिकेसाठी आम्ही हा थोडा वेगळा विषय घेतला आहे.

उदाहरणासाठी 'स्टँडर्ड हेरल्ड' ही गाडी घेऊ. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीने १९६१ पासून सुमारे दहा वर्षे ती बनविली. मूळ गाडी इंग्लंडची ट्रायम्फ हेरल्ड, आणि तिचा आराखडा मिकेलॉटी या इटालियन कलावंताचा. पुढचे संपूर्ण बॉनेट मडगार्डांसह पुढे उलटते, त्यामुळे इंजिनाजवळ बसून काम करता येते. शिकणाऱ्याला याहून सोयीची गाडी मिळणे कठीण. या गाडीचा क्लच तारेने नव्हे, तर द्रवाच्या दाबाने चालतो.

त्याची रचना समजून घेऊ. पायाने पेडल दाबले की एक दांडी मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे ढकलते. आतला द्रव बारीक नळीतून आणि पुढे रबरी होजमधून गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये जातो. तेथील दट्ट्या क्लचचा फोर्क हलवतो, रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटवर दाबले जाते आणि इंजिन व गिअरबॉक्स यांचा संबंध तुटतो. द्रव दाबाखाली आकुंचन पावत नाही, या एका गुणावर हे सगळे चालते. नळीत हवा शिरली तर हवा दबते, पेडल पोकळ लागते आणि गिअर कुरकुरत पडतो.

आता मुख्य प्रश्न. चोर बाजारात किंवा ऑपेरा हाउसच्या सुट्या भागांच्या दुकानांत एखादा सिलिंडर हातात ठेवून दुकानदार सांगतो, "एकदम ओरिजनल". ते खरे कसे मानावे? केसपुत्त गावच्या कालामांना भगवान बुद्धांनी दिलेला उपदेश आपणांस ठाऊक आहेच. कोणी सांगितले, परंपरेने चालत आले, एवढ्यावर विसंबू नये, स्वतः पारखून घ्यावे. तो उपदेश मोटारीच्या भागांसाठी नव्हता हे मान्य, पण येथे तो तंतोतंत लागू पडतो. बँकेतही चेकवरील सही खरी की खोटी हे चेक न्याहाळून ठरत नाही, नमुना सही शेजारी ठेवावी लागते. येथे नमुना सहीचे काम त्या मॉडेलची कंपनीची पार्ट्स पुस्तिका करते. भाग क्रमांक, व्यास आणि आकृती त्यात असते. पुस्तिका मिळविल्याशिवाय खरेदीला निघू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पहिली खूण ओतकामाची. या गाडीच्या हायड्रॉलिक भागांवर गर्लिंग या इंग्रज कंपनीचे नाव असते. अस्सल भागावरील अक्षरे ओतकामातच उठून आलेली, कडा स्वच्छ असलेली दिसतात. नकली भागावर ती पुसट असतात, किंवा तेथे ग्राइंडर फिरवून नावच उडविलेले असते. मात्र नावावरून घाईने निकाल देऊ नये. १९६२ मध्ये टीव्हीएस आणि इंग्लंडच्या लुकास समूहाच्या भागीदारीतून मद्रासजवळ पाडी येथे ब्रेक्स इंडिया कंपनी निघाली आणि गर्लिंगचे तंत्र येथे आले. त्यामुळे एखाद्या भारतीय गाडीवर 'मेड इन इंग्लंड' नसलेला भाग सापडला तर तो नकली ठरत नाही. कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा जो भाग होता तो अस्सल, मग तो पाडीचा का असेना. विलायती शिक्का दिसला की दुप्पट किंमत मोजणारे षौकीन पुष्कळ आहेत. त्याला आमचा इलाज नाही.

दुसरी आणि सर्वांत महत्त्वाची खूण व्यासाची. व्हर्निअरने सिलिंडरचा आतील व्यास मोजावा. समजा, पुस्तिकेत पाच-अष्टमांश इंच आहे आणि दुकानदाराने पाऊण इंचाचा दिला. बाहेरून दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात आणि फरक अवघा एक-अष्टमांश इंच. पण दट्ट्याचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, म्हणून ते १.४४ पट होते. पेडलला तितकाच जास्त जोर लागेल आणि स्लेव्ह सिलिंडरचा दट्ट्या प्रमाणाबाहेर पुढे जाईल. सिलिंडर नवा, तरी पाय दुखतो, अशी तक्रार आली तर व्यास तपासावा.

तिसरी खूण आट्यांची. जुन्या इंग्रजी गाड्यांचे आटे इंची असतात. तीन-अष्टमांश इंच म्हणजे ९.५ मिलिमीटर, दहा मिलिमीटरच्या अगदी जवळ. मिलिमीटर आट्यांचा नट बळजबरीने बसविला तर तो दोन फेरे जातो, अडतो आणि सिलिंडरचे आटे कायमचे खातो. हाताने सहज न फिरणाऱ्या नटाला पाना लावूच नये.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ब्रेकचा आणि क्लचचा मास्टर सिलिंडर एकमेकांसारखे दिसतात. काही जुन्या इंग्रजी गाड्यांत ब्रेकच्या सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब टिकवणारा वाल्व्ह असतो. तो सिलिंडर क्लचला लावला तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि बेअरिंग लवकर झिजते.

परंतु अस्सलपणाचा हट्ट कोठे सोडावा हेही कळले पाहिजे. मिलिंदपञ्हात भदन्त नागसेन मिलिंद राजाला विचारतात की आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय? कोणताही एक भाग म्हणजे रथ नव्हे. शासनाच्या नियमाचाही भर चासिस, बॉडी आणि इंजिन यांवर आहे, सिलिंडर बदलल्याने कोणाची नोंदणी अडत नाही. आमच्या मते सिलिंडरचे बाहेरचे अंग शक्य तर मूळचेच ठेवावे. आत गंजाचे खड्डे असतील तर स्टेनलेस किंवा पितळी स्लीव्ह घालून मूळ व्यास साधता येतो. आतील रबरी कप आणि होज मात्र नवेच हवेत. पन्नास वर्षांचे रबर पुडीत बंद असले तरी कडक होते. जुन्या पुडीतले 'अस्सल' किट कपाटात शोभेला ठेवावे, गाडीत घालू नये.

शेवटी द्रवाविषयी. गॅरेजात त्याला ब्रेक ऑइल म्हणतात, पण ते खनिज तेल नव्हे. डॉट ३ किंवा डॉट ४ दर्जाचा ग्लायकॉलचा द्रवच वापरावा. त्याऐवजी इंजिन ऑइल ओतले तर रबरी कप फुगून निकामी होतात. हा द्रव हवेतील ओलावा शोषतो आणि त्या पाण्याने सिलिंडर आतून गंजतो. खाडी आणि समुद्र दोन्ही जवळ असलेल्या अंजनवेलसारख्या गावी ही क्रिया अधिक वेगाने होते. म्हणून उघडा राहिलेला डबा पुन्हा वापरू नये, दर दोन वर्षांनी द्रव बदलावा आणि शक्यतो पावसाळा संपल्यावर बदलावा. तो रंगावर सांडल्यास रंग उचलला जातो. लगेच भरपूर पाण्याने धुवावे.