रबर जळाल्याचा वास आला, तर दोष कुणाचा?

पिठाच्या गिरणीत पट्टा घसरू लागला की जो उग्र वास नाकात शिरतो, तो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. गिरणीवाला धावत जाऊन गिरणी बंद करतो. दळण घेऊन आलेल्या बाईला ‘तुझ्यामुळे पट्टा जळला’ असे कोणी म्हणत नाही. जुन्या व्हॅक्युम क्लीनरमधून तसाच वास आला, तर मात्र पहिले बोट यंत्र चालवणाऱ्या बाईकडे वळते.

हे यंत्र आपल्या घरात क्वचितच असते, पण आपल्या कितीतरी भगिनींच्या आणि बांधवांच्या हातात ते रोज असते. हॉटेलात, कार्यालयात, इस्पितळात, बंगल्यांमध्ये सफाईचे काम करणाऱ्यांना ते चालवायला देतात. ते कसे चालते हे सांगण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. म्हणून हा वास कशाचा, तो आला तर काय करावे आणि काय करू नये, याची माहिती असलेली बरी.

वास येताच यंत्र थांबवा. ‘एवढी खोली उरकून घेऊ’ असे म्हणू नका. नुसते बटण बंद करून भागत नाही. भिंतीतील पिन काढून ठेवा, कारण पुढे यंत्राच्या पोटात हात घालायचा आहे. ते थंड होईपर्यंत अर्धा तास जाऊ द्या.

आता यंत्र कोणत्या जातीचे आहे ते पाहा. उभ्या दांड्याचे, पुढे ढकलत न्यायचे, गालिच्यासाठी वापरतात ते एक. जमिनीवर डब्यासारखे बसणारे, लांब नळी असलेले ते दुसरे. उभ्या यंत्राच्या तोंडाशी केसाळ ब्रशचा एक गोल दांडा असतो. मोटरच्या दांड्यावरून रबरी पट्टा त्या ब्रशवर चढवलेला असतो आणि तो ब्रशला गरगर फिरवतो. ब्रश मोकळा फिरला तर पट्टाही सुखाने फिरतो. ब्रश अडकला, तर मोटर फिरत राहते, पट्टा जागच्या जागी घासतो, तापतो आणि वितळू लागतो. जळक्या रबराच्या वासाचे हे सर्वांत नेहमीचे कारण.

ब्रश अडकतो तो बहुधा केसांनी. गालिच्यातले लांब केस, शिवणाचा दोरा, साडीच्या पदराचे धागे ब्रशभोवती गुंडाळत जातात आणि दोन्ही टोकांच्या बेअरिंगमध्ये घट्ट बसतात. यंत्र उलटे करून खालची पट्टी काढा. ती काही यंत्रांत खटक्यांनी, तर काहींत स्क्रूने बसवलेली असते. पट्टा कसा बसला आहे ते आधी नीट पाहून घ्या. काही यंत्रांत तो सरळ असतो, तर काहींत मुद्दाम अर्धा पीळ देऊन बसवतात. उलटा बसला तर ब्रश उलट दिशेने फिरतो आणि कचरा आत येण्याऐवजी पुढे उडतो. मग ब्रश बाहेर काढून केस कात्रीने लांबीच्या दिशेने कापून ओढून काढा. टोके हाताने फिरवून पाहा. ब्रश सहज फिरला पाहिजे. खरखर लागत असेल तर बेअरिंग गेले आहे आणि मग नवा पट्टाही पुन्हा जळेल.

पट्टा बोटांनी ताणून पाहा. तो सैल पडला असेल, आतून काचेसारखा गुळगुळीत झाला असेल, कडेला चिरा असतील, तर तो बदलायचाच. मोटरच्या दांड्यावर वितळलेले रबर चिकटले असेल तर लाकडी काडीने खरवडून फडक्याने पुसा. नाहीतर नवा पट्टा तिथेच घासून कापला जाईल. दुकानात जाताना जुना पट्टा सोबत न्या आणि यंत्राच्या पाठीवरच्या पत्र्यावरचा मॉडेल नंबर कागदावर लिहून घ्या. ‘चालेल, बसवा’ म्हणून दिलेला जवळपासच्या मापाचा पट्टा चालत नाही. लांब असला तर घसरतो, आखूड असला तर बेअरिंगवर ताण येतो. नवा पट्टा पहिली काही मिनिटे किंचित वास देईल, त्याने घाबरू नये.

जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी. असे फिरत्या ब्रशचे, हातात धरता येणारे विजेचे यंत्र १९०७ साली जेम्स मरे स्पँगलर यांनी बनवले. अमेरिकेतील ओहायो राज्यात, कँटन शहरातल्या एका मोठ्या दुकानात ते सफाईचे काम करीत. गालिचे झाडताना उडणाऱ्या धुळीने त्यांना दम लागे. पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि धूळ साठवायला उशीचा अभ्रा असे जोडून त्यांनी आपल्यापुरता मार्ग काढला. १९०८ साली त्यांना पेटंट मिळाले. पुढे ते हूव्हर नावाच्या घराण्याने विकत घेतले आणि जगभर नाव झाले ते हूव्हरचे. ज्याच्या छातीत धूळ जात होती, त्यालाच हा ब्रश सुचला.

डब्यासारख्या यंत्रात सहसा पट्टा नसतो. त्यातून जळका वास आला तर आधी पिशवी उघडा. कोरडा कचरा ओढणाऱ्या बहुतेक यंत्रांत ओढलेली हवाच मोटरवरून जाऊन तिला थंड ठेवते. पिशवी गच्च भरली, गाळणी मातीने बुजली किंवा नळीत मोजा, प्लास्टिकचा कागद अडकला, की हवा बंद आणि मोटर गरम. सिमेंट किंवा रंगकामाची बारीक भुकटी ओढायला लावतात तेव्हा तर गाळणी पाहता पाहता बुजते. काही यंत्रे अशा वेळी आपोआप बंद पडतात आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होतात. म्हणजे ‘आपोआप बरे झाले’ असे नव्हे. अडथळा काढेपर्यंत ते पुन्हा तापणारच. अगरबत्तीची किंवा चुलीची गरम राख मात्र कधीच ओढू नका, पिशवी आतल्या आत पेटते.

वायरही हाताने चाचपा. हजार वॅटचे यंत्र आपल्याकडच्या २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आसपास वीज खेचते. पातळ वायरच्या एक्स्टेंशनवर किंवा सैल प्लगमध्ये ते चालवले तर पिन तापते, प्लास्टिक तपकिरी पडते आणि रबर-प्लास्टिक जळाल्याचा वास येतो. वायर गुंडाळीत ठेवून यंत्र चालवू नये; पूर्ण ओढून घ्यावी. धूर निघाला, मोटरच्या जाळीतून मोठ्या ठिणग्या दिसल्या किंवा अंगाला झिणझिण्या आल्या, तर तिथे आपले काम संपले. ते मेकॅनिकचे काम आहे, मग मालक कितीही घाई करो.

आता दोषाचे. पट्टा हा सायकलच्या ब्रेकच्या रबरासारखा झिजण्यासाठीच असतो. यंत्राच्या मानाने त्याची किंमत किरकोळ असते. तो वेळोवेळी बदलणे ही ज्याचे यंत्र त्याची जबाबदारी. कंपनीत किंवा कंत्राटदाराकडे काम करणाऱ्यांसाठी १९३६ च्या वेतन कायद्याने एक नियम घातला आणि २०१९ च्या वेतन संहितेनेही तो ठेवला आहे. कामगाराकडे सोपवलेल्या वस्तूचे नुकसान थेट त्याच्या हयगयीमुळे झाले असेल तरच पगारातून रक्कम कापता येते, आणि त्याआधी त्याला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. बंगल्यांत घरकामाला जाणाऱ्या भगिनींना या नियमाचा आधार मिळणे अवघड. त्यांनी तर अधिकच सावध असावे.

नव्या जागी काम धरताना पहिल्याच दिवशी यंत्र मालकिणीसमोर उलटे करून दाखवा. ब्रशवर केस किती आहेत, पट्टा कसा आहे, हे तिलाही दिसू द्या. वास आला तर यंत्र बंद करून तिथल्या तिथे सांगा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. कार्यालयात असाल तर सुपरवायझरला सांगून तारखेसह वहीत लिहून घ्यायला लावा. आणि काढलेला जुना पट्टा कचऱ्यात टाकण्याची घाई करू नका. त्याची गुळगुळीत झालेली आतली बाजू आणि कडेच्या चिरा दाखवल्या, की तो एका दिवसात जळालेला नाही हे समोरच्याला डोळ्यांनी दिसते.