तीन देशी सिक्लिड आणि घरातली टाकी

महाराष्ट्रातील वाचकाला सिक्लिड हे नाव अनोळखी वाटले तरी उजनीच्या जलाशयातून बाजारात येणारा चिलापी त्याने पाहिलेला, बहुधा खाल्लेलाही असतो. चिलापी, म्हणजेच तिलापिया, हा सिक्लिडी या मत्स्यकुलातला असून त्याचे मूळ घर आफ्रिका आहे, आणि त्याच गटातली मोझांबिक तिलापिया ही जात भारतात १९५२ साली मुद्दाम आणली गेली. शोभेच्या माशांच्या दुकानांतही याच कुलाचे राज्य आहे: एंजल, ऑस्कर आणि डिस्कस हे दक्षिण अमेरिकेतले सिक्लिड, तर भाग्यवान म्हणून चढ्या भावाने विकला जाणारा, कपाळावर फुगवटा असलेला फ्लॉवरहॉर्न हा निसर्गात कोठेही नसलेला, माणसानेच संकरातून घडवलेला मासा. या परदेशी गर्दीत भारताचे स्वतःचे सिक्लिड मात्र हौशी लोकांच्या फारसे नजरेस पडत नाहीत.

अशा देशी जाती तीनच आहेत. पहिली एट्रोप्लस सुरातेन्सिस, म्हणजे गोव्याच्या खाजण जमिनींत आणि कोकणच्या खाड्यांत मिळणारा कालुंदर. हाच केरळात करीमीन म्हणून प्रसिद्ध आहे आणि २०१० साली त्या राज्याने त्याला राज्यमासा घोषित केले. दुसरी स्यूडेट्रोप्लस मॅक्युलेटस, जिला शोभेच्या माशांच्या व्यापारात ऑरेंज क्रोमाइड म्हणतात, आणि तिसरी एट्रोप्लस कॅनरेन्सिस किंवा कॅनरा पर्लस्पॉट. पहिल्या दोन जातींचे वर्णन बर्लिनचे वैद्य व मत्स्यतज्ज्ञ मार्कुस एलिझर ब्लॉख यांनी अनुक्रमे १७९० आणि १७९५ साली केले, आणि गंमत अशी की त्यांनी या दोन्ही माशांना समुद्रातल्या फुलपाखरू माशांच्या, म्हणजे कीटोडॉन या, प्रजातीत घातले होते. तिसरीला नाव मिळायला १८७७ साल उजाडले. ते दिले मद्रासच्या लष्करी सेवेतील शल्यचिकित्सक आणि भारतीय माशांवरील मोठ्या ग्रंथाचे कर्ते फ्रान्सिस डे यांनी. या तिघांचे सर्वांत जवळचे नातलग आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर नसून मादागास्करच्या नद्यांत आहेत. भारत आणि मादागास्कर हे भूखंड सुमारे ८ ते ९ कोटी वर्षांपूर्वी एकमेकांपासून तुटले, आणि हे मासे त्या तुटलेल्या भूमीबरोबर इकडे आले की नंतर समुद्र ओलांडून आले, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही.

घरच्या टाकीचा विचार करता कालुंदर सुरुवातीलाच बाद होतो, कारण तो सहज वीतभर वाढतो आणि अनुकूल पाण्यात त्याहूनही बराच मोठा होतो. ऑरेंज क्रोमाइड मात्र सुमारे ८ सेंटिमीटरवर थांबतो. पिवळसर नारिंगी अंग, त्यावर ओळीने लालसर ठिपके आणि कुशीच्या मध्यावर एक गडद डाग, असे त्याचे रूप असते; दुकानात बहुधा दिसतो तो त्याचा निवडीने तयार केलेला, डाग नसलेला झगझगीत पिवळा प्रकार. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतल्या खाड्या, खाजणे आणि नद्यांची मुखे हे त्याचे घर असल्याने गोड्या आणि मचूळ, म्हणजे थोड्या खारट, अशा दोन्ही पाण्यांत तो राहू शकतो. कालुंदराशी त्याचे नाते मोठे चमत्कारिक आहे. मोठ्या कालुंदराच्या अंगावरची परजीवी आणि बुरशी क्रोमाइडची पिल्ले टिपून खातात, हे रिचर्ड वायमन आणि जॅक वॉर्ड यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणातून दाखवून दिले. उलट संधी मिळताच हाच क्रोमाइड कालुंदराची अंडी आणि नुकती फुटलेली पिल्लेही फस्त करतो.

पाळण्याच्या दृष्टीने त्याचा मोठा गुण हा की त्याला कठीण पाणी चालते. कठीण पाणी म्हणजे ज्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त विरघळलेले असतात असे पाणी, ज्यात साबणाचा फेस होत नाही आणि बादलीला पांढरे पुट चढते. जयपूरच्या दक्षिण भागातील गोपालपुरा परिसराचे उदाहरण येथे उपयोगी आहे, कारण बिसलपूर धरणातून येणारे बनास नदीचे पाणी आणि बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी अशा दोन जातींच्या पाण्यांशी जयपूरच्या घरांचा संबंध येतो. बोअरच्या पाण्यात मऊ पाण्याचा डिस्कस ठेवायचा तर आरओ यंत्राचे पाणी मिसळत बसावे लागते. ऑरेंज क्रोमाइडला मात्र तेच पाणी, फार खारे नसेल तर, मानवते. मासा निवडून मग त्याच्यासाठी पाणी बदलत बसण्यापेक्षा नळाला येते ते पाणी पाहून मासा निवडणे हे शहाणपणाचे आणि कमी खर्चाचे असते, पण दुकानात नेमका याचा विसर पडतो. त्या शहरात खरी अडचण तापमानाची आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि जानेवारीच्या रात्री एक अंकी होतो, तर या माशाला २५ ते २८ अंश सेल्सिअसचे पाणी हवे असते. थंडीत हीटर लावून काम भागते, उन्हाळ्यात मात्र टाकी खिडकीपासून दूर ठेवणे, वरचे झाकण काढून जाळी लावणे आणि पंख्याचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडणे एवढेच हाती उरते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो (२० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच), म्हणून त्या दिवसांत हवेचा पंप बंद पडता कामा नये. नागपूर आणि चंद्रपूरकडच्या वाचकांनाही उन्हाळ्याचा हा भाग जसाच्या तसा लागू आहे.

नवी टाकी भरल्याबरोबर मासे सोडणे हे या छंदातले सर्वांत नेहमीचे संकट होय. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, आणि हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर धीर धरला आणि पुढे दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलत राहिले, की निम्मे रोग टळतात.

जोडी बाजारातून निवडून आणण्यात अर्थ नसतो, कारण नर आणि मादी दिसायला जवळजवळ सारखीच असतात. शंभरेक लिटरच्या टाकीत सहा-आठ लहान मासे एकत्र वाढवले, की ते आपली जोडी स्वतःच जुळवतात. जुळलेली जोडी एखादा सपाट दगड किंवा कुंडीचा तुकडा तोंडाने घासून स्वच्छ करते आणि त्यावर मादी दोनशे-तीनशे अंडी घालते. प्रत्येक अंडे लहानशा देठाने दगडाला चिकटलेले असते. आईबाप दोघेही आळीपाळीने परांनी वारा घालतात, मेलेली अंडी उचलून टाकतात, आणि साधारण पाच दिवसांनी अंडी फुटली की वळवळणारी पिल्ले तोंडाने उचलून वाळूत उकरलेल्या खळग्यात नेऊन ठेवतात. पिल्ले पोहू लागल्यावर जे घडते त्यासाठी हा मासा प्राणिवर्तनाच्या अभ्यासात प्रसिद्ध आहे: ती आईबापांच्या अंगाला वारंवार चाटून जातात आणि त्यांच्या त्वचेवरचा श्लेष्म, म्हणजे बुळबुळीत स्राव, खातात. जॅक वॉर्ड आणि जॉर्ज बार्लो यांनी १९६७ साली या वर्तनावर सविस्तर लेखन केले. म्हणूनच पिल्ले लवकर वेगळी काढण्याची घाई या जातीत चुकीची ठरते. त्यांना आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म कोळंबीवर्गीय जिवांची, नुकती फुटलेली पिल्ले द्यावीत आणि बाकीचे काम आईबापांवर सोपवावे. या काळात इतर माशांना मात्र वेगळ्या टाकीत हलवावे लागते, कारण एरवी शांत असणारी ही जोडी पिल्लांसाठी कोणावरही धावून जाते.

कॅनरा पर्लस्पॉटची गोष्ट वेगळी आहे. तो केवळ गोड्या पाण्याचा, दक्षिण कन्नड जिल्ह्यातील नेत्रावती आणि कुमारधारा यांच्या परिसरापुरता मर्यादित असलेला मासा असून आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत त्याची नोंद संकटग्रस्त अशी आहे. गडद उभे पट्टे आणि त्यांवर विखुरलेले फिके ठिपके यांमुळे तो तिघांत सर्वांत देखणा ठरावा, पण त्याला स्वच्छ, मऊ, प्राणवायूने भरलेले पाणी लागते, पाणी बदलण्यातली हयगय तो सोसत नाही, सावकाश वाढतो, आणि आपसातली चढाओढ विभागली जावी म्हणून आठ-दहांच्या गटातच ठेवावा लागतो. टाकीत त्याची वीण झालेली आहे, मात्र ती क्रोमाइडइतकी सहज होत नाही. वाळूउपसा आणि नेत्रावतीच्या उपनद्यांचे पाणी पूर्वेकडे वळवणारी एत्तिनहोळे योजना यांमुळे त्याच्या मूळ नद्यांवर आधीच ताण असताना, शोभेसाठी तेथून पकडलेले मासे विकत घेणे समर्थनीय नाही. टाकीत जन्मलेली पिल्ले खात्रीने मिळत असतील तरच, आणि ऑरेंज क्रोमाइडची एक-दोन पिढ्यांची वीण हाताखालून गेल्यावरच, या जातीकडे वळावे.

वीण यशस्वी झाली की शेकडो पिल्लांचे करायचे काय, हा प्रश्न पहिल्याच वर्षी उभा राहतो, आणि जवळच्या तलावात सोडून देणे हे त्याचे सर्वांत वाईट उत्तर होय. टाक्यांतला सकर मासा आज उजनीत हेलिकॉप्टर या नावाने मच्छीमारांची जाळी फाडतो आहे. देशी मासाही आपल्या मूळ नदीबाहेर परकाच असतो, आणि टाकीतले रोग घेऊन मूळ नदीत परतला तर तेथेही घातकच ठरतो. जास्तीची पिल्ले दुसऱ्या हौशी व्यक्तीला द्यावीत, दुकानदाराला द्यावीत. तेही जमणार नसेल तर जोडीला अंडी घालण्यासाठी दगडच ठेवू नये आणि तरीही अंडी घातलीच तर ती त्याच दिवशी काढून टाकावीत.